दारू सोडणाऱ्याने बसायचं कुठं?

"आज बसायचं का?" असं कुणी मराठीत विचारलं, तर खुर्ची शोधायची नसते. दारू पिण्याला आपण 'बसणं' म्हणतो, आणि या एका शब्दात व्यसनाबद्दलची बरीच जाण साठलेली आहे. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून झाल्यावर, ट्रक रिकामा करून झाल्यावर, हप्ता मागायला आलेल्याला चुकवून झाल्यावर माणसाला कुठंतरी टेकायचं असतं, ओळखीचं कुणी समोर हवं असतं. ग्लास त्या बैठकीच्या मधोमध असतो. काही वर्षांत बैठक मोडते, सोबती पांगतात आणि ग्लास तेवढा उरतो.

म्हणून दारू सोडणाऱ्यापुढे 'कशी सोडू' या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस छळतो: आता बसू कुठं? संध्याकाळचे सात ते नऊ हे दोन तास कुणाच्या सोबतीनं काढू? मदतगट, एएची मीटिंग, फॉलोअपची बैठक, सेवकांची चर्चा बैठक या सगळ्या त्याच प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांच्या जागा आहेत. त्यातली आपली कोणती, ती शोधायची कशी, आणि कारध्यासारख्या गावातून तिथवर पोचायचं कसं, याचा हा आढावा.

कारधा वैनगंगेच्या काठावर आहे. नदी ओलांडली की भंडारा शहर. नागपूर-रायपूर महामार्ग इथूनच जातो. जुना लहान पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, आणि कारध्याच्या पुलाजवळ पाणी किती मीटरवर आलं, हे दर पावसाळ्यात सबंध जिल्हा विचारत असतो. जंगल आणि मोह असलेला हा प्रदेश, त्यामुळे हातभट्टीची मोहाची दारू आजोबा-पणजोबांच्या काळापासून ओळखीची. शहर पुलापलीकडे, त्यामुळे देशीचा पव्वाही लांब नाही. पिणाऱ्याला इथं बसायची जागा शोधावी लागत नाही. सोडणाऱ्याला ती शोधावीच लागते, आणि शोधताना सगळा गाव आपल्याकडे बघतो आहे असं त्याला वाटत राहतं.

हे दुःख जुनं आहे. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली; त्याच वर्षी जानेवारीत गडकरी नागपूरजवळ सावनेरला वारले होते. त्या नाटकात पिणाऱ्यांचं रीतसर मंडळ आहे, आर्यमदिरामंडळ. तळीराम तिथं नव्या माणसाचं स्वागत करतो, जागा देतो, हसवतो. नाटकाचा नायक सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, काम मागायला ओळखीच्या लोकांकडे जातो, तिथं त्याच्या वाट्याला तिरस्कार येतो आणि तो परत प्याल्याकडे वळतो. आपण शंभर वर्षं त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडलो, ते योग्यच आहे. पण मला त्या नाटकात आणखी एक गोष्ट ठळक दिसते. पिणाऱ्या सुधाकराला मंडळ होतं. सोडलेल्या सुधाकराला एकही माणूस नव्हता. त्याच्यासारखाच प्यायलेला आणि सोडलेला एक जण जरी त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसला असता, तरी पुढची गोष्ट वेगळी होण्याची शक्यता होती.

अमेरिकेत १९३५ साली नेमकं हेच घडलं. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस काही महिने दारूपासून दूर होता. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एक व्यवहार फसला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटला आणि त्याच्याशी बोलता आलं, तरच आपण वाचू, असं त्याला वाटलं. फोन करत करत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोचला. दोघं तासन् तास बोलले. मध्ये एकदा घसरून डॉ. बॉबनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानला जातो. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात बारा पायऱ्या आल्या. भारतात एए १९५७ साली सुरू झालं. त्याचं देशातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. नागपुरात एएचे गट अनेक वर्षं चालत आले आहेत.

मीटिंगमध्ये होतं तरी काय, याबद्दल गावाकडे विचित्र समजुती आहेत. कुणाला वाटतं शपथ देतात, कुणाला वाटतं औषध देतात, कुणाला वाटतं रजिस्टरात नाव लिहून पोलिसांना कळवतात. यातलं काहीच होत नाही. एखाद्या शाळेची किंवा चर्चची खोली, दहा-पंधरा खुर्च्या, चहा. एक जण मीटिंग चालवतो, दर वेळी वेगळा. सुरुवातीला एक लहानसं वाचन, थोडी शांतता, मग शेअरिंग. बोलणारा फक्त पहिलं नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असं सांगतो आणि स्वतःवर गुदरलेलं बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं. तास-दीड तासात मीटिंग संपते. फी नसते. शेवटी एक पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. त्यातून खोलीचं भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही. सभासद होण्याची अट एकच: दारू थांबवण्याची इच्छा.

ओपन मीटिंगला कुणीही जाऊ शकतो, बायको, भाऊ, डॉक्टर, पत्रकार. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शक्यतो ओपन मीटिंगला घरच्या एखाद्या माणसाला सोबत न्यावं. परतीच्या एसटीत दोघांनाही एकाच गोष्टीबद्दल बोलता येतं, आणि अनेक घरांत कित्येक वर्षांत तेवढंही झालेलं नसतं.

पण मीटिंगच्या आधी एक गोष्ट आहे, आणि ती इथं न सांगणं पाप ठरेल. रोज सकाळी उठल्या उठल्या ज्याला प्यावी लागते, हात थरथरतात म्हणून ज्याला सकाळचा घोट लागतो, त्यानं घरी बसून एकाएकी दारू बंद करू नये. शेवटच्या प्याल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, गोंधळ, ताप यांचा जो प्रकार होतो, त्यात माणसं मरतात. गावात त्याला 'भूत लागलं' म्हणून बाहेरची बाधा उतरवणाऱ्याकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. यावर दवाखान्यात साधे, स्वस्त उपचार आहेत: थरथर आणि झटके आवरणाऱ्या गोळ्या, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी आणि क्षार. कारध्याच्या माणसासाठी हे पुलापलीकडे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आहे. तिथं मानसिक आरोग्याचा विभाग विचारावा. मीटिंग त्यानंतर.

आणि 'सेंटर' या दोहोंच्या मधे. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती दिवसांचं असते?" जणू ते वॉशिंग मशीन आहे, आत टाकला की महिन्याने स्वच्छ बाहेर. घरचे दागिने गहाण ठेवून पोराला केंद्रात टाकतात, तो महिन्याने गुटगुटीत होऊन येतो, आणि पोळ्याच्या दिवशी पुन्हा नालीत सापडतो. मग घरचे म्हणतात, सेंटर बोगस होतं. कधी कधी ते बोगस असतंही. मारहाण करणारं, साखळीनं बांधणारं, घरच्यांना भेटू न देणारं केंद्र कायद्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या अवस्था येतात आणि साखळीनं बांधण्यावर त्यात बंदी आहे. पण पुष्कळदा केंद्र ठीक असतं. बाहेर आल्यावरच्या संध्याकाळची तजवीज कुणी केलेली नसते. केंद्र निवडताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: बाहेर आल्यावर पुढची दोन वर्षं तुम्ही याला कुठं बोलावणार? उत्तर नीट आलं नाही, तर दुसरं केंद्र बघावं.

मुक्तांगणचं मोठेपण मला इथंच दिसतं. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचटांनी काम उभं केलं. तिथून बाहेर पडलेला माणूस परत येत राहतो, पाठपुराव्याच्या सभांना येतो, आणि पुढे त्यातलेच काही तिथं कार्यकर्ते होतात. व्यसनींच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट झाला. स्वतः व्यसनी असलेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग झाला. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले, आणि काम मुक्ता पुणतांबेकर पुढे चालवत आहेत. मुंबईत फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देतं. दोन्हींचा ढाचा वेगळा, पण बरा झालेला माणूसच नव्याला हात देतो, हे दोन्हीकडे सारखं.

पुणे-मुंबई कारध्याहून फार लांब. म्हणून आता जवळचं पाहू, आणि ते आपल्या अगदी दारात आहे. भंडारा-नागपूर-गोंदिया पट्ट्यातल्या गावांत कितीतरी घरांवर 'परमात्मा एक' असं लिहिलेलं दिसतं. नागपूरच्या विणकर वस्तीतले बाबा जुमदेव ठुब्रीकर (१९२१-१९९६) यांनी सुरू केलेला हा मार्ग. एका भगवंताला मानणं, सत्य, मर्यादा, प्रेम, आणि दारू-सट्टा-जुगारासारखी व्यसनं पूर्ण बंद. सेवकांच्या चर्चा बैठका भरतात, एकमेकांचे अनुभव सांगितले जातात, जुना सेवक नव्याला मार्गदर्शन करतो. एएचं नावही न ऐकलेल्या या भागातल्या हजारो माणसांनी या बैठकांच्या आधारानं दारू सोडली आहे. पूर्व विदर्भातल्या व्यसनमुक्तीचा आढावा घेताना शहरी लेखक हे नाव घेत नाहीत, आणि मला ती मोठी चूक वाटते. इथं नियमित बैठक आहे, स्वतः त्यातून गेलेला सोबती आहे, सबंध कुटुंबाचा सहभाग आहे, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चांगल्या मदतगटाकडे मागावं ते जवळजवळ सगळं यात आलं.

अडचण एका ठिकाणी आहे. हा श्रद्धेचा मार्ग आहे. तो स्वीकारायचा तर घरातल्या पूजाअर्चेपासून बरंच बदलावं लागतं. ज्याला ते मनापासून पटतं, त्यानं निःशंक जावं. ज्याला पटत नाही त्यानं केवळ दारूसाठी म्हणून पटल्याचा आव आणला, तर तो आव फार दिवस टिकत नाही. शिवाय नियम आणि देव यांच्याशी सोडणं जोडलं गेलं की एकदा पाय घसरल्यावर माणूस लाजेनं बैठकीलाच जाईनासा होतो, आणि बैठकीची खरी गरज त्याच दिवशी असते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, गावचं भजन मंडळ, वारकऱ्याची तुळशीची माळ, यांबद्दलही हेच म्हणता येईल. या सगळ्यांनी माणसं वाचवली आहेत. पण तिथं दारूबद्दल उघड, तपशिलानं, रडून बोलता येतं का, हे बघावं. येत असेल तर तीच तुमची मीटिंग.

देवाचा प्रश्न एएमध्येही आहेच. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, कारण विल्सन आणि बॉब दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आले होते. पण तिथं ज्यानं त्यानं आपल्याला समजेल तो देव मानायचा असतो. कुणी विठ्ठल मानतो, कुणी बुद्धाचा धम्म डोळ्यापुढे ठेवतो, कुणी त्या खोलीतल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती समजतो. विदर्भात बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, देव न मानणारेही आहेत. त्यांनी या एका शब्दावरून परत फिरू नये. देव अजिबात नको असेल तर स्वतःच्या विचारांवर काम करणारे गट जगात आहेत, १९९४ पासून चालणारं स्मार्ट रिकव्हरी हे त्यातलं ठळक नाव, आणि त्यांच्या बैठका ऑनलाइन भरतात. मराठीत ही विचारांची वाट डॉ. आनंद नाडकर्णींनी पुष्कळ लिहून-बोलून सोपी केली आहे.

या मीटिंगांनी खरंच काही होतं का? अनेक वर्षं डॉक्टर मंडळी साशंक होती, आणि त्याला कारणही होतं. जो मीटिंगला टिकतो तो मुळातच सोडायला तयार असतो, मग श्रेय कुणाचं? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, एकूण १०,५६५ माणसं, असा मोठा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि त्याकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानं ४२ टक्के पूर्णपणे दारूपासून दूर होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक डोळे दिपवणारा नाही, पण फुकट चालणाऱ्या गोष्टीनं महागड्या उपचारांना मागे टाकणं लहान नव्हे. आणि ४२ म्हणजे ५८ जण वर्षात कधी ना कधी प्याले, हेही त्याच आकड्यात आहे. घरच्यांनी हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवावा.

गोव्यातला एक प्रयोगही आपल्या कामाचा आहे. 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून, डॉक्टरांकडून नव्हे, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत समुपदेशन करवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के सावरले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. म्हणजे अजून पूर्ण व्यसनी न झालेल्या माणसासाठी गावच्या आरोग्य केंद्रातली शांतपणे केलेली चार संभाषणंही उपयोगी पडतात. आपल्याकडे ती होत नाहीत. एम्सनं केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा ३८ जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले ३७ कुठं बसतात, ते आपल्याला पानठेल्यावरून दिसतं.

भंडाऱ्याच्या भोवतीच्या जिल्ह्यांनी दारूबंदीचे प्रयोग केले. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१. आपल्या जिल्ह्यातही बायकांनी सह्या गोळा करून, मतदानात 'आडवी बाटली' निवडून दुकान बंद करण्याचा मार्ग कायद्यानं खुला आहे. त्या बायकांबद्दल मला अपार आदर आहे. पण दुकान बंद झालं म्हणून ज्याच्या अंगात दारू भिनली आहे त्याची थरथर थांबत नाही, तो भट्टी शोधतो. वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं हे ओळखलं. २०१६ पासूनच्या 'मुक्तिपथ'मध्ये गावसंघटना दारू बंद पाडते आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनींसाठी उपचाराची सोय असते. दोन्ही हात एकदम चालले पाहिजेत, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आता घरच्यांबद्दल. पिणारा एक असतो आणि आजारी सगळं घर पडतं. १९५१ मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लॉइस यांनी उभ्या केलेल्या अल-अ‍ॅनॉन या संघटनेच्या बैठका पिणाऱ्याच्या नातेवाइकांसाठी आणि मित्रांसाठी असतात. तरुण मुलांसाठी अलाटीन. नवरा यायला तयार नसला तरी बायकोनं एकटीनं जायला हरकत नाही, उलट तिनं आधी जावं. तिथं ती पहिल्यांदा हे ऐकते की नवऱ्याचं पिणं तिच्या स्वयंपाकामुळे, माहेरामुळे किंवा नशिबामुळे आलेलं नाही. बाटली लपवणं, मालकाला खोटी कारणं सांगणं, उधारी फेडणं तिनं थांबवायचं, हेही तिथंच कळतं. बचत गटातल्या चार बायका एकमेकींशी हे बोलू शकल्या, तरी ती सुरुवात होईल.

आणि एक काम घरच्यांनी कधीही करू नये. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असतं ते विकणाराच जाणे. अनेक घरांत डायसल्फिराम ही खरी गोळी वरणात कालवून दिली जाते. ती १९४८ पासून दारूच्या उपचारात आहे आणि चांगली आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तेव्हाच. गोळी पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ज्याला गोळी घेतल्याचं ठाऊकच नाही तो पिणारच. एखाद्या मीटिंगमध्ये उलट टोकाचा माणूस भेटतो: डॉक्टरांच्या गोळ्याही नशाच आहेत, त्या सोडा, असं सांगणारा. त्याचंही ऐकू नये. एए स्वतः औषधोपचाराच्या विरोधात नाही.

स्त्री पीत असेल तर वाट आणखी अरुंद. कारध्यासारख्या गावात पिणाऱ्या पुरुषाला लोक हसतात आणि विसरतात. बाईला विसरत नाहीत. पंधरा पुरुषांच्या खोलीत ती एकटी कशी बोलणार? तिच्यासाठी ऑनलाइन मीटिंग ही मोठी सोय आहे. २०२० च्या टाळेबंदीत एएच्या बैठका मोबाइलवर सुरू झाल्या आणि पुष्कळशा चालू राहिल्या. चेहरा न दाखवता, नुसतं ऐकायला बसता येतं, आणि फक्त स्त्रियांच्या बैठकाही आहेत.

तर कारध्याच्या माणसानं योग्य मीटिंग ओळखायची कशी? माझं मत असं. जिथं दर आठवड्याला, पावसाळ्यातही, रोवणीच्या दिवसांतही पोचता येईल ती मीटिंग योग्य. नागपूर साठेक किलोमीटर. महिन्यातून एकदा तिथल्या मोठ्या गटात जावं, जुनी माणसं बघावीत, वीस वर्षं न प्यायलेला माणूस कसा दिसतो ते बघावं. पण दर आठवड्याचा आधार भंडाऱ्यातच किंवा त्याहून जवळ हवा, आणि बाकीच्या दिवसांना फोन. काहींना लांबची मीटिंग बरी वाटते, ओळखीचं कुणी दिसणार नाही म्हणून. सुरुवातीला ते ठीक आहे. पण संकोचापायी निवडलेलं अंतर पुढे न जाण्याचं कारण होतं. पिताना सगळ्या गावानं पाहिलेलं असतं. सोडताना कुणी पाहिलं तर बिघडत नाही.

दुसरं, भाषा. आपण घरी झाडीबोली बोलतो. नागपूरच्या बैठकीत हिंदी-मराठी मिसळलेली चालते. आपल्या बोलीत बोललो तर कुणी हसेल असं वाटून माणूस गप्प बसतो. बिनधास्त बोलावं. रडू ज्या बोलीत येतं तीच तिथली भाषा. तिसरं, पहिल्या मीटिंगवरून निकाल देऊ नये. एखादा गट कंटाळवाणा असतो, एखाद्यात एकच माणूस तासभर बोलतो. निदान सहा वेळा जावं, जमल्यास दोन वेगवेगळ्या गटांत. तिथं आपल्यासारखं प्यायलेला, आपल्यासारखी कामं केलेला एखादा शोधावा आणि त्याचा फोन नंबर घ्यावा. एएत त्याला स्पॉन्सर म्हणतात. पुरुषानं पुरुष निवडावा, बाईनं बाई. पैसे मागणारा, उधार मागणारा, राजकारण बोलणारा, बाहेर जाऊन दुसऱ्याची गोष्ट सांगणारा भेटला तर गट बदलावा, मीटिंग सोडू नये.

आणि सण सांभाळावेत. पोळा, होळी, दिवाळीनंतरची मंडई, शंकरपट, मित्राच्या लग्नाची वरात: घसरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच दिवसांत घसरतात. एएतले जुने लोक चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे, पण प्रशासन तेवढ्यावर थांबून राहत नाही. त्याखाली इशारा पातळी ठरलेली असते आणि पाणी तिथं पोचलं की काठावरच्यांना हलवतात. उपाशी पोटी, बायकोशी भांडून, थकून संध्याकाळी सात वाजता मंडईच्या गर्दीत एकटा उभा असलेला माणूस इशारा पातळीवर असतो. त्यानं तेव्हाच फोन करावा, पहिल्या प्याल्यानंतर नव्हे. जवळचा कुणी उचलत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे. जवळच्या बैठका आणि सरकारमान्य केंद्रं कुठं, हे तिथं विचारता येतं.

इतकं करूनही जवळ काहीच सापडलं नाही तर? एएच्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्यासाठी दोन मद्यपी एकत्र बसले की तो गट होतो. तिसऱ्याची वाट पाहावी लागत नाही, परवानगी लागत नाही. अ‍ॅक्रनला दोघंच होते. कारध्यात, पुलाच्या अलीकडच्या कोणत्याही गावात, दारू सोडलेला एक आणि सोडू पाहणारा एक नक्की सापडेल. मुंबईच्या कार्यालयाकडून मराठी पुस्तिका मागवता येतात आणि नागपूरचे जुने सभासद नव्या गटाला येऊन मदत करतात.

त्यांना लागते ती एक खोली. म्हणून हे वाचणाऱ्या सरपंचांना, मुख्याध्यापकांना, विहाराच्या आणि मंदिराच्या विश्वस्तांना, ज्यांच्या घरी ओसरी रिकामी असते त्या सगळ्यांना विनंती: आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, ती खोली उघडी ठेवा. दिवा लागेल, दहा खुर्च्या लागतील, चहापुरतं पाणी लागेल. भाडं घ्या, थोडं का होईना, ती माणसं ते देतील आणि देण्यात त्यांना बरं वाटेल. आणि कोण कोण आलंय ते बघायला दारात उभे राहू नका.